गरम हवेला जाड ऑइल?

आपल्याकडे गाडीच्या इंजिन ऑइलबद्दल एक समजूत पक्की रुजली आहे: हा गरम हवेचा देश, इथे पातळ ऑइल टिकायचे नाही. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि नव्या पेट्रोल गाडीचे मॅन्युअल ०डब्ल्यू-२० असे जवळजवळ पाण्यासारखे ऑइल घालायला सांगते. मग कंपनीने हे मॅन्युअल जपान-युरोपसाठी लिहिले असावे असे ठरवून माणूस २०डब्ल्यू-५० चा डबा उचलतो. ही समजूत मूर्खपणाची नव्हती. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांना बाहेरचे ऊन थेट जाणवते, आणि जुनी खनिज ऑइल तापली की भराभर पातळ होत. आजच्या गाडीत मात्र ती चुकीची ठरते, कारण ऑइल कुठे आणि किती तापते याचा तिचा हिशेबच जुना आहे.

आधी डब्यावरचे आकडे पाहू. ते एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या वर्गवारीतून येतात. डब्ल्यू हे अक्षर विंटरचे. त्याच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीत ऑइल किती घट्ट होते ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंशांना ते किती दाट उरते ते. ०डब्ल्यू ऑइलची थंडीतली परीक्षा उणे ३५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. महाराष्ट्रात यातले काहीच घडत नाही, तेव्हा ०डब्ल्यू आपल्या काय कामाचे, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर मधल्या तापमानात सापडते. ऑइलचा दाटपणा प्रयोगशाळेत ४० अंशांनाही मोजतात आणि तो सेंटिस्टोकमध्ये सांगतात. साधारण ०डब्ल्यू-२० ऑइल ४० अंशांना ४०-४५ सेंटिस्टोक असते आणि १०० अंशांना आठच्या आसपास येते. २०डब्ल्यू-५० चे हेच आकडे दीडशेच्या वर आणि अठराच्या आसपास असतात. म्हणजे २०डब्ल्यू-५० सारखे जाड ऑइलसुद्धा तापल्यावर जेवढे दाट राहते, त्याच्या दुपटीहून जास्त दाट हे ‘पाण्यासारखे’ ऑइल थंड इंजिनात असते. आणि ४० अंश म्हणजे काही थंडी नव्हे, विदर्भात उन्हाळ्यात सावलीत उभ्या असलेल्या गाडीचे ते तापमान आहे. इंजिनाच्या दृष्टीने चंद्रपूरची मे महिन्यातली दुपारही थंडच. चावी फिरवल्यावर वरच्या कॅमशाफ्टपर्यंत ऑइल पोहोचायला जो वेळ लागतो, त्यात दीडशेचे ऑइल चाळीसच्या ऑइलपेक्षा मागे पडणार.

गाडी तापल्यावर काय होते? पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांना उघडतो, आणि रेडिएटर व पंखा मिळून पाण्याचे तापमान ठरावीक पट्ट्यात ठेवतात. ऑइल त्याच्या आगेमागे, सहसा ९० ते ११० अंशांत राहते. बाहेर २५ असो की ४५, आतला फरक त्या मानाने थोडा पडतो. कसारा घाटात माणसांनी भरलेली गाडी एसी लावून चढवली तर ऑइल यापुढेही जाईल, हे मान्य. पण त्यासाठीच वर्गवारीत आणखी एक कसोटी आहे: १५० अंशांना, बेअरिंगमध्ये रगडले जाताना ऑइल किती दाट राहते, तिची. २० ग्रेडला तिथे किमान २.६ सेंटिपॉइज (दाटपणाचे आणखी एक एकक) टिकवावे लागतात, ३० ला २.९. इंजिन आखणारा अभियंता बेअरिंगची रुंदी आणि फटी हे आकडे समोर ठेवूनच ठरवतो.

‘जाड घातले तर बिघडते काय, उलट थर जाडच राहील,’ हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. थर जाड राहतो हे खरेच. पण ऑइलचे काम थर धरण्यावर संपत नाही, त्याला वाहायचेही असते. ऑइल पंपावर दाब आवरणारा व्हॉल्व्ह असतो. थंड, जाड ऑइलने दाब वाढला की तो उघडतो आणि काही ऑइल बेअरिंगकडे न जाता मागे वळते. दाब जास्त दिसला म्हणजे पुरवठा जास्त झाला असे होत नाही. सिलिंडरच्या व्हॉल्व्हची उघडमिटीची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर बारीक छिद्रांतून चालते, जाड ऑइलने ती सुस्तावते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि त्याच्या बेअरिंगमधली उष्णता बाहेर नेण्यात वाहत्या ऑइलचा वाटा मोठा असतो.

दुसरा आक्षेप कंपन्यांच्या हेतूवर आहे: पातळ ऑइल मायलेजचे आकडे फुगवण्यासाठी, इंजिनाची काळजी म्हणून नव्हे. यात तथ्य आहे. ‘कॅफे’ म्हणून ओळखले जाणारे निकष भारतात २०१७-१८ पासून लागू आहेत आणि २०२२-२३ पासून ते कडक झाले. विकलेल्या गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला सुमारे १३० ग्रॅमवरून ११३ वर आली. एक-दोन टक्के इंधन वाचवणारे ऑइल कंपनीला हवेच असणार. पण हेतू काहीही असो, त्या ऑइलसाठी इंजिन तसे आखले गेले आहे की नाही, एवढेच ग्राहकाने पाहायचे. हा तर्क उलट्या बाजूनेही लागू होतो. ५डब्ल्यू-३० साठी घडलेल्या दहा वर्षांपूर्वीच्या इंजिनात मायलेजच्या लोभाने ०डब्ल्यू-१६ ओतणे तितकेच चूक. अनेक मॅन्युअलांत एकच ग्रेड नसते, तापमानाप्रमाणे दोन-तीन दिलेल्या असतात. सतत घाट, जड ओझे, महामार्गावरचा वेग असे वापराचे स्वरूप असेल तर त्यातली जाड ग्रेड खुशाल घ्यावी. तेवढी मोकळीक कंपनीनेच दिलेली असते.

शिवाय ग्रेड जुळली म्हणजे ऑइल जुळले असेही नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत बहुधा काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी जाळून तो स्वतःला साफ करतो, पण ऑइलमधल्या धातूंच्या घटकांची राख जळत नाही, ती साचतच जाते. म्हणून अशा गाड्यांना सी२, सी३ यांसारख्या कमी राखेच्या वर्गातले ऑइल सांगितलेले असते. ट्रकसाठी आणलेले १५डब्ल्यू-४० तिथे घातले तर नुकसान ग्रेडइतकेच राखेचेही होते. तेव्हा मॅन्युअलमध्ये ग्रेडशेजारी छापलेला हा वर्ग डब्यावर आहे का, ते आधी पाहावे.

राहिली ऑइल खाणारी, निळा धूर सोडणारी जुनी गाडी. तिला एक पायरी जाड ऑइल द्यायला मेकॅनिक सांगतो, आणि त्याने धूर कमी होतोही. पण झिजलेल्या रिंगा आणि कडक झालेली सील तशीच राहतात. दुरुस्ती सहा महिने लांबवायचा उपाय म्हणून तो ठीक आहे, फक्त दर आठवड्याला डिपस्टिक काढून पातळी बघावी लागेल.