सुट्टीत सुकलेली जास्वंद

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडते, तेव्हा ओसरीवरील कुंडीतली जास्वंद बहुधा निष्पर्ण आढळते. शिक्षकबंधुभगिनींनी ती मेली असे समजून उपटू नये. प्रस्तुत लेखकाने एकदा उपटली होती. मुळे पांढरी व टणक निघाली, आणि ती लावणारा विद्यार्थी समोरच उभा होता. प्रथम नखाने खोडाची साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसल्यास झाड जिवंत आहे. नुसते वरून पाणी ओतून मात्र भागत नाही. कोरडी माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते व पाणी त्या फटीतून निघून जाते. म्हणून कुंडी पाणी भरलेल्या घमेल्यात ठेवावी; माती वरपर्यंत भिजली की काढून निथळू द्यावी. वाळक्या फांद्या छाटाव्यात. खत पालवी फुटल्यावरच द्यावे. तोवर मातीत बोट घालून ओल पाहण्याचे काम मुलांकडे सोपवावे.