काळ्या दगडाची ऐट

कोकणातल्या माणसाशी आंब्यावरून वाद घालू नये. नागपूरकराशी संत्र्यावरून घालू नये. जळगावच्या माणसापुढे वांग्याच्या भरिताचा विषय काढला, तर संध्याकाळची गाडी चुकलीच म्हणून समजा. कोल्हापूरकर म्हणतो, रस्सा खावा तर आमच्याकडचा. पुण्याचा माणूस फारसं काही बोलत नाही. पुण्यातलं ते उत्तम, हे साऱ्या जगाला ठाऊकच आहे असं तो धरून चालतो.

बोलण्याचंही तेच. "काय करतोयस?" एवढं साधं विचारायचं. कोल्हापूरला ते होतं "काय करालायस?" नागपूरला "काय करून राहिला?" खानदेशात "काय करी ऱ्हायना?" आणि मालवणकडे "काय करतंस?" प्रत्येकाला वाटतं, आपली मराठी सरळ आणि दुसऱ्याची जरा वाकडी.

अशी ही मंडळी एका घरात आली ती १ मे १९६० या दिवशी. त्याआधी कोणी मुंबई राज्यात होते, कोणी नागपूरकडे मध्य प्रदेशात होते. मराठवाडा तर निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. तो १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला. १९५६ साली सारे मराठी मुलूख एकत्र आले खरे, पण गुजरातसह एकाच मोठ्या मुंबई राज्यात. मुंबईसह वेगळा महाराष्ट्र हवा म्हणून मोठी चळवळ झाली. तीत शंभरावर माणसांचे प्राण गेले. मुंबईत हुतात्मा चौक आहे, तो त्यांच्या आठवणीचा.

म्हणजे एका राज्याची हद्द १९६० सालची. पण या मुलखांना जोडणारी एक गोष्ट त्याहून फार फार जुनी आहे. ती आपल्या पायाखाली आहे. काळा दगड!

हसू नका. हा दगड साधा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन जागोजागी फाटली आणि आतून तापलेला, वितळलेला खडक बाहेर आला. त्याला लाव्हा म्हणतात. काकवी पसरावी तसा तो पसरला आणि थंड होऊन घट्ट झाला. त्यावर पुन्हा थर, पुन्हा थर. असे किती तरी थर साचले. आज महाराष्ट्राच्या पाच भागांपैकी चार भाग जमीन याच खडकावर आहे. शास्त्रज्ञ त्याला बेसाल्ट म्हणतात. आपण काळा पत्थर, काळा कातळ म्हणतो. भंडारा, गडचिरोलीकडचा पुष्कळसा खडक याहूनही जुना आहे; तिकडच्या लोकांनी हवी तर आमच्याहून जास्त ऐट करावी.

सह्याद्रीकडे लांबून पाहा. डोंगराला पायऱ्या पाडल्यासारख्या दिसतात. ते हेच थर. मधले कडे सरळ तुटलेले, वर सपाट माथा. शिवाजी महाराजांनी असे डोंगर हेरले. राजगड, रायगड पाहिले म्हणजे कळतं, की अर्धा तट आधीच उभा होता. माणसांनी उरलेला बांधला. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि एक, जिंजी, तामिळनाडूत.

याच दगडात अजिंठा कोरलं, वेरूळ कोरलं. वेरूळचं कैलास लेणं तर चिरे रचून बांधलेलं नाही. आठव्या शतकात डोंगर वरून खाली कोरत आणला आणि देऊळ मोकळं केलं. तिथे चूक करायला जागा नव्हती. तुटलेला खांब परत कुठून आणणार?

आणि लेणी कशाला, आपलं जातं, पाटा-वरवंटा, उखळ, नदीचा घाट, सारा हाच दगड. तो हजारो वर्षं उन्हापावसात झिजला, त्याची माती झाली, तीच आपली काळी कसदार जमीन. वऱ्हाडचा कापूस आणि सोलापूरची ज्वारी त्या मातीतली. कोकणात पाऊस धो धो. तिथे तो धुपून तांबडा जांभा झाला. हापूस त्यात रुजला. म्हणजे आंब्यावरून आणि भाकरीवरून आपण भांडतो, पण पिठाचा डबा एकच!

आता या दगडाची दुसरी बाजू. ऐट सांगताना ती कोणी सांगत नाही.

पावसाळ्यात समुद्रावरून ढग येतात. सह्याद्रीला अडून ते वर चढतात, वर थंड होतात आणि रिकामे होतात. घाटापलीकडे उरतं ते थोडंच. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे. तिथे ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. जिल्हा एकच, पाऊस दहावा हिस्सा. आणि जो पडतो, तोही हा कातळ सहजी पोटात घेत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून एका विहिरीला पाणी लागतं आणि दहा पावलांवरची कोरडी निघते. विहीर खणताना घरातलं सोनं गहाण पडलेली माणसं गावोगाव आहेत.

१९७२ चा दुष्काळ फार मोठा होता. लाखो माणसं, त्यात बाया निम्म्याच्या आसपास, उन्हात खडी फोडायला बसली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते त्या हातांनी झाले. त्याच काळात रोजगार हमी योजना आपल्या राज्यात वाढली. काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचं, हा तिचा मुद्दा. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला. १९७७ साली तिचा कायदा झाला. साऱ्या देशासाठी असा कायदा व्हायला २००५ साल उजाडलं. आम्हाला विचाराल, तर किल्ल्यांइतकीच ही गोष्टही मिरवण्यासारखी आहे. पण तिचा पुतळा होत नाही, म्हणून ती राहून जाते.

अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार नावाचं गाव आहे. पाऊस बेताचा. एके काळी माणसं गाव सोडून चालली होती. १९८९ नंतर गावाने डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडं लावली, मोकाट चराई बंद केली. वाहून जाणारं पाणी मुरू लागलं. विहिरी भरल्या. मग गावाने आणखी एक कठीण गोष्ट केली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि उसासारखं पाणी पिणारं पीक लावायचं नाही, असं ठरवलं. दर वर्षी तिथे पाऊस मोजतात आणि ग्रामसभेत पाण्याचा हिशोब मांडतात. आधी माणसं, मग गुरं, मग शेती. पाऊस कमी पडला, तर कोणतं पीक सोडायचं ते त्या बैठकीत ठरतं.