ब्लॅकबर्न ऑलिम्पिक : श्रमिकांचा फुटबॉल आणि व्यावसायिकता

इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न या कापडगिरण्यांच्या शहरात १८७८ मध्ये ‘ब्लॅकबर्न ऑलिम्पिक’ हा संघ स्थापन झाला. तत्कालीन एफ. ए. चषकावर दक्षिणेकडील हौशी, उच्चवर्गीय संघांचे वर्चस्व होते. ३१ मार्च १८८३ रोजी लंडनमधील अंतिम सामन्यात प्रामुख्याने कामगार व कारागिरांच्या या संघाने ईटन विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचा जादा वेळेत २-१ असा पराभव केला. तत्पूर्वीच्या ब्लॅकपूल येथील सरावास ओतशाळेचे मालक सिडनी येट्स यांनी अर्थसाहाय्य केले होते. श्रमिकांना सरावाची सवड हवी असल्यास बुडालेल्या मजुरीची भरपाई अपरिहार्य होती. १८८५ मध्ये फुटबॉल असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. मात्र संपन्न संघांइतके वेतन देणे न परवडल्याने १८८९ मध्ये ऑलिम्पिक विसर्जित झाला. ज्या व्यवस्थेचा मार्ग त्याने प्रशस्त केला, तिच्यात त्यालाच स्थान उरले नाही.