पळस : चार राजपुत्र आणि एक बी

फेब्रुवारीच्या शेवटी पवनीहून गोसीखुर्दकडे निघालं की रस्त्याच्या कडेला पळस फुललेला दिसतो. पान नाही, नुसती शेंदरी फुलं. आपल्याकडे म्हण आहे, कुठेही जा, पळसाला पाने तीनच. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि 'सामान्य' म्हणजे काय हे सांगताना ही म्हण पुष्कळ वापरली. पण गंमत बघा, हे झाड ज्या दिवसांत सगळ्यांत लांबून ओळखू येतं, त्या दिवसांत त्याला तीन काय, एकही पान नसतं.

पळसाचं संस्कृत नाव किंशुक. किम् शुकः, हा पोपट तर नव्हे? फुलाचा बाक पाहिला की नाव पटतं. या किंशुकावर एक जातककथा आहे. काशीच्या ब्रह्मदत्त राजाचे चार मुलगे सारथ्याला म्हणाले, आम्हाला किंशुक दाखव. सारथ्याने चौघांना एकदम नेलं नाही, वेगवेगळ्या वेळी नेलं. पुढे कोणीतरी विचारलं, किंशुक कसा असतो? एक म्हणाला जळक्या खुंटासारखा, दुसरा म्हणाला वडासारखा, तिसरा म्हणाला मांसाच्या तुकड्यासारखा, चौथा म्हणाला शिरीषासारखा. वाद राजापर्यंत गेला. राजा म्हणाला, झाड तुम्ही सगळ्यांनीच पाहिलंत, पण कोणत्या वेळी ते कसं दिसतं हे सारथ्याला विचारायचं राहिलं. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि बौद्ध स्तूप सापडला. त्या स्तूपाला प्रदक्षिणा घालणाऱ्यांनी आजूबाजूला हेच झाड पाहिलं असणार, असं आमच्या मनात नेहमी येतं.

आता औषधाकडे येऊ. औषध म्हणूनही पळस एक नाही. फूल वेगळं, डिंक वेगळा, बी वेगळं, राख वेगळी. भावप्रकाशात त्याला जी नावं दिली आहेत त्यांत 'क्षारश्रेष्ठ' असं एक आहे. म्हणजे जाळून राख केली, ती पाण्यात कालवून गाळली आणि ते पाणी आटवलं की उत्तम क्षार मिळतो. सुश्रुताने क्षार करण्याची रीत सांगताना हे पाणी एकवीस वेळा गाळायला सांगितलं आहे, आणि ज्या झाडांची राख घ्यायची त्यांत पळसही आहे. हे वैद्याचं काम, घरचं नव्हे. घरचा आहे तो डिंक. सालीला खाच पडली की माणकासारखा लाल थेंब येतो, वाळला की काळपट होतो, बोटांत चुरडतो. बाजारात याला कमरकस म्हणतात आणि बाळंतिणीच्या लाडवांत घालतात. यात टॅनिन भरपूर, म्हणून चव तुरट, आणि जुलाबावर तो देत आले ते त्यामुळेच. धावड्याचा डिंक तुपात फुलतो, तो वेगळा. दुकानात नुसतं 'डिंक द्या' म्हणू नका, एवढंच.

खरं थांबायचं आहे ते बियांपाशी. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असतं. शास्त्रीय नाव ब्यूटिया मोनोस्पर्मा, त्यातला 'मोनोस्पर्मा' म्हणजे एकबीजी. आपण तिला पळसपापडी म्हणतो. जंतांवर हे औषध फार जुनं आहे. ग्रंथांत ते कधी मधाबरोबर, कधी ताकाबरोबर, कधी तांदळाच्या धुवणाबरोबर सांगितलं आहे. धानाच्या या मुलखात तांदळाचं धुवण कोणत्या घरात नसतं? बी भिजवायचं, वरचं साल काढायचं, वाळवून पूड करायची, काही दिवस द्यायची आणि शेवटी एरंडेल द्यायचं, म्हणजे गुंगलेले जंत बाहेर पडतात. या शेवटच्या पायरीकडे लक्ष द्या. आजी नुसतं 'पळसपापडी दे' असं सांगत नसे, अख्खा क्रम सांगत असे.

इथे आमच्या विषयाची गोष्ट येते. न्यायदर्शन चार प्रमाणं मानतं हे तुम्ही मागे ऐकलं आहे. चरकही चार सांगतो, पण त्याच्या चारांत एक निराळंच आहे. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. युक्ती म्हणजे हुशारी नव्हे. पाणी, नांगरट, बी आणि ऋतू हे एकत्र आले की पीक येतं, हा त्याचाच दाखला. कोणतंही एकटं कारण पुरत नाही, कारणांचा मेळ ओळखणारी जी बुद्धी ती युक्ती. पुढे शांतरक्षिताने तत्त्वसंग्रहात हे वेगळं प्रमाण मानायला नकार दिला, ते अनुमानातच जमा होतं म्हणाला. तर्काच्या दृष्टीने त्याचं बरोबर असेल. पण वैद्याला ते वेगळं का ठेवावंसं वाटलं, हे पळसाच्या बीने आम्हाला शिकवलं, आणि तेही कातडीवर.

आम्ही शाळेत असताना मांडीला गजकर्ण झालं. कोणीतरी सांगितलं, पळसाचं बी लिंबाच्या रसात उगाळून लाव. हा उपाय खराच आहे, जुन्या पुस्तकांतही आहे. आम्ही जाड लेप लावला, वर फडकं बांधलं आणि रात्रभर ठेवला. सकाळी मांडीवर फोड. गजकर्ण गेलं की नाही ते कळायला मार्गच उरला नाही. आप्तोपदेश होता, प्रत्यक्षही झालं, फक्त किती आणि किती वेळ हे विचारायचं राहिलं. राजपुत्रांचीच चूक.

या फोडांचं कारण आम्हाला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळालं. १९६० नंतरच्या दशकात पळसाच्या बियांतून पॅलासोनिन नावाचं द्रव्य वेगळं करून त्याची रचना ठरवली गेली. पळसावरूनच नाव. हे द्रव्य कँथरिडिनचं सख्खं भावंड निघालं. कँथरिडिन म्हणजे अंगावर चिरडला तर फोड उठवणाऱ्या भुंगेऱ्याचं विष. दोघांच्या रेणूत एका मिथाइल गटाचा फरक. म्हणजे जंतांना जे मारतं त्याचाच हा स्वभाव. बी औषध आहे आणि विषारी आहे, या दोन गोष्टी नाहीत, एकच आहे. जास्त झालं की मळमळ, उलट्या, पोटात कळा. गरोदर बाईला तर हे बी देऊच नये. गर्भ राहू नये म्हणूनही ते वापरलं जात आलं आहे, आणि उंदरांवरच्या प्रयोगांतही गर्भ रुजण्याला अडथळा दिसला आहे.

म्हणून कोणी विचारलं की पोराला जंत झालेत, पळसपापडी द्यावी का, तर आम्ही नाही म्हणतो. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. प्रत्येक गोळीत औषध तेवढंच. बियांत ते किती, हे झाडागणिक बदलतं. 'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' हे वाक्य चरकाने कुठेही लिहिलेलं नाही, उलट तो म्हणतो की युक्तीने दिलं तर विषही औषध होतं आणि युक्तीवाचून औषधही विष.

चरक आणखी एक सांगतो. रानातल्या झाडांची नावं आणि रूपं गुराखी, शेळ्या-मेंढ्या राखणारे आणि वनवासी यांना माहीत असतात. मात्र नाव-रूप कळलं म्हणजे औषध कळलं असं नाही, कोणत्या माणसाला, कोणत्या जागी, कोणत्या वेळी हेही कळावं लागतं. हे वाचताना आमचा डोळा नेहमी गोसीखुर्दच्या पाण्याकडे जातो. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. पाणी चढत गेलं तशी भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावं उठली, नव्या गावठाणांत गेली. शेताला पाणी हवंच, त्यावर आमचा वाद नाही. पण गायरानातला पळस कुठे न्यायचा? गुरं कमी झाली की गुराखी राहत नाही, आणि गुराखी राहिला नाही की कोणत्या झाडाची पापडी कधी पिकते हे सांगणारा सारथीही राहत नाही. पाण्याच्या कडेला वाळलेली खोडं उभी दिसतात. पहिल्या राजपुत्राचा जळका खुंट तोच असावा असं वाटतं.

फूल शेवटी ठेवलं, कारण त्यात भीती कमी आहे. लघवी अडली की वाफवलेल्या फुलांचं पोटीस ओटीपोटावर बांधत. लघवी पूर्ण बंद झाली असेल तर मात्र पोटीस करत बसू नका, दवाखाना गाठा. उन्हाळा लागताना याच फुलांच्या पाण्याने मुलांना आंघोळ घालत, आणि रंगपंचमीला रंगही त्याचाच. फुलं वाळवून रात्रभर भिजत घाला, सकाळी उकळा. पाणी पिवळं येईल. त्यात चिमूटभर चुना टाकला की भगवं होतं, कारण फुलातलं ब्यूट्रिन हे रंगद्रव्य क्षारात खुलतं. चुना चिमूटभरच, आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका. फुलं झाडाखाली पडलेली घ्या, झाडावरची पाखरांना राहू द्या. परागण झालं तरच पापडी धरते.