हळद हिरडीला पुरते का?

मार्च-एप्रिलमध्ये लातूरहून नांदेडमार्गे वसमतकडे निघालं की वाटेत हळद शिजताना दिसते. शिजलेली हळकुंडं उन्हात वाळतात, पॉलिशच्या ढोलात फिरून पिवळीधमक होतात आणि आडतीवर येतात. वसमतच्या या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिला रंग देणारं कुरकुमीन वाळलेल्या हळदीत साधारण ३ ते ५ टक्के असतं. दंतवैद्यक सध्या तेच हिरड्यांच्या आजारावर तपासून पाहतंय.

पायरिया बहुधा न दुखता वाढतो, हीच त्याची खोड. हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर बसतो, लाळेतल्या क्षारांनी घट्ट होतो आणि त्याचं कीटण बनतं. जंतूंशी झगडताना शरीर सूज आणतं आणि त्या सुजेतच दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. दंतवैद्य खुणांची बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत घालून खोली मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. त्यापुढे हिरडी सुटू लागली, 'पॉकेट' झालं, असं समजतात.

कुरकुमीन पेशींमधले सूज भडकवणारे संदेश दाबतं, थोडंफार जंतूंनाही आवरतं. पुण्याच्या भारती विद्यापीठ दंत महाविद्यालयातली १०० जणांवरची चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाने हळदीच्या द्रावणाने चुळा भरल्या, दुसऱ्याने क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या ०.२ टक्के द्रावणाने. २१ दिवसांत हिरड्यांची सूज दोन्हीकडे जवळपास सारखीच उतरली. दातांवरचा थर रोखण्यात मात्र क्लोरहेक्सिडीन सरस ठरलं. पण ते फार दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव जाते. म्हणून तर वनस्पतींकडे लक्ष वळलं. जपानमध्ये ग्रीन टीमधल्या कॅटेचिनच्या पट्ट्याही पॉकेटमध्ये ठेवून पाहिल्या गेल्या.

अडचण पुढे आहे. कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पेल्यात ढवळलेली हळद तळाशीच बसते. शिवाय पॉकेटमधून सतत झिरपणारा द्रव औषध बाहेर ढकलतो. त्यामुळे संशोधक जेल आणि चिप करून, तेही कीटण खरवडून काढल्यावर, ते आत बसवतात. बाजारच्या दळलेल्या हळदीत रंगासाठी लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार उघड झाले आहेत, हेही ध्यानात ठेवावं.

दातवणाची परंपरा जुनी. सुश्रुतसंहितेने कडूत कडुनिंब, तुरटात खैर, तर तिखटात करंज श्रेष्ठ मानला. खैर-बाभळीतल्या टॅनिनमुळे हिरडी आवळते आणि रक्त तात्पुरतं थांबतं. आजार बरा झाल्याचा भास होतो तो इथेच.

आणि झाडपाल्याचं म्हणजे निरुपद्रवी, असं निदान मराठवाड्यात तरी कुणी म्हणू नये. तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू, म्हणजे मिश्री, हीही झाडाचीच. दुखरी दाढ बधिर होते म्हणून कित्येक बायाबापड्यांनी ती धरली आणि तंबाखूची सवय जडली. हिरड्या मागे सरकतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो तो वेगळाच.

कोणतीही वनस्पती कीटण विरघळवत नाही. ते खरवडूनच काढावं लागतं. हळदीची जागा त्यानंतरची, मदतनिसाची. ब्रश करताना रक्त येत असेल, त्यातून मधुमेह असेल, तर घरगुती लेपात महिने घालवू नका. लातूर आणि नांदेड, दोन्हीकडे दंत महाविद्यालयं आहेत. तिथे एकदा सळई लावून खोली मोजून घ्या.