सावदा परिसरातील अभियांत्रिकी शिक्षण
सावदा हे जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील, केळीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले शहर आहे. येथील विद्यार्थ्यांना अभियांत्रिकी शिक्षणाची जवळची सोय यावल तालुक्यातील फैजपूर येथे आहे. राज्य शासनाने खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली, त्याच १९८३ साली तेथे जे. टी. महाजन अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले.

ग्रामीण विद्यार्थ्यांना या शिक्षणाचे दोन मार्ग उपलब्ध असतात. बारावी विज्ञान व प्रवेश परीक्षेनंतर चार वर्षांची पदवी घेता येते. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेतल्यास कनिष्ठ अभियंता पदासाठी पात्रता मिळते. शिवाय पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची तरतूद आहे. मात्र अशा विद्यार्थ्यांना पदवीच्या पहिल्या वर्षातील गणिताची उणीव स्वतः भरून काढावी लागते.