काचेवरच्या पेशी

पावसाळ्यात वर्सोव्याची हवा ओल्या गोधडीसारखी जड होते. घरोघरी मीठ पाणावतं, माझ्या प्रयोगशाळेत मिथेनॉल पाणावतं. गाठीत सुई घालून काढलेल्या पेशी काचपट्टीवर पसरायच्या, चटकन वाळवायच्या, गिम्सा रंगात बुडवायच्या, हे माझं काम. पट्टी हळू वाळली की पेशी आक्रसतात. मिथेनॉलमध्ये पाणी शिरलं की तांबड्या पेशींवर चकाकते डाग उमटतात. म्हणून टेबलावर हेअर ड्रायर आणि सूक्ष्मदर्शकाच्या कपाटात रात्रंदिवस पेटता पिवळा बल्ब. तो विझला तर भिंगांवर बुरशी चढते, आणि भिंगं काही स्वस्त नाहीत!

तपासणी मात्र स्वस्त. बारीक सुई, १० सीसीची सिरिंज, दोन-चार पट्ट्या. भूल नको, दाखल होणं नको.

एका जुलैत कोळीवाड्यातली एक मावशी मानेवर गाठ घेऊन आली. मासेमारीची बंदी चालू, होड्या वर ओढलेल्या, म्हणून तिला सवड. पट्टीवर नुसतं रक्त आलं. ‘नमुना अपुरा, तपासणी पुन्हा करावी’ असं मी लिहिलं. नियमानं बरोबरच होतं. पण नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या, आणि पहाटेपासून पाटी वाहणारी बाई माझ्याकडे कशाला फिरकते! ती उगवली थेट शिमग्याला, गाठ फुटून वाहू लागल्यावर. या खेपेला पट्टी स्वच्छ बोलत होती. कुजलेला चुरा, भोवती लांबट पेशींचे पुंजके, झील-नील्सन रंगात लाल काड्या. क्षय. सहा महिन्यांच्या औषधांनी ती बरी झाली. तीच गाठ कर्करोगाची असती तर? त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून रुग्ण खुर्चीत असतानाच एक पट्टी टोल्युडिन ब्लूने झटपट रंगवून पाहते. पेशी नसतील तर तिथंच पुन्हा सुई.

रुग्ण परत येत नाही, ही गोष्ट आपल्याकडे फार मोठी आहे. १९९९ मध्ये उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. एका गटाची एकदाच एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्याला नेहमीचीच सेवा. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आला. विषाणू-चाचणीच्या गटात मृत्यू जवळपास निम्म्यानं घटले. पॅपच्या गटात लक्षणीय घट नाही. पेशी वाचण्यात हयात घालवलेल्या मला ते लागलंच. पण पॅपची ताकद ती दर काही वर्षांनी पुन्हा करण्यात आहे, आणि इथं घोडं अडतं ते त्या ‘पुन्हा’पाशी.

मावशी आता दर पावसाळ्यात दोघी-तिघींना घेऊन येते. मागच्या खेपेला खुर्चीतल्या पोरीला दटावत होती, “बायनं काच बघितल्याबिगर उठू नको गो!”